धुरपताबाईंच्या कपाळावरचं कुंकू

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विष्णुपंत, व्यासपीठावरील मान्यवर, मुख्याध्यापक सारंग सर, आज सेवानिवृत्त होणाऱ्या चित्रकलेच्या अंबिकाबाई, समस्त सेलूकर बंधुभगिनींनो आणि हे भाषण कधी संपतंय याची वाट पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो!

निरोपाच्या दिवशी गोड बोलावं, असा रिवाज आहे. पण तीस वर्षं इतिहास शिकवल्यावर खोटं बोलवत नाही. मी अंबिकाबाईंवर जळते. हसू नका, खरंच जळते.

शाळेच्या दर्शनी भिंतीवरचं चित्र तुम्ही रोज पाहता. निजामाच्या काळात गावातल्या शाळामास्तरांच्या पत्नी सुमनबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या विधवांनाही बोलावलं. अकरा जणींना निरोप गेला, आली एकटीच. एकोणिसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळाची झालेली धुरपताबाई. ती माझी आजी. तिच्या तोंडून ऐकलेली हकिकत मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली आणि अंबिकाबाईंनी ती भिंतीवर काढली. गोष्ट माझ्या घरची, पेपरात फोटो यांचा! शालही यांनाच.

आणि चित्रात काय? सुमनबाईंचं कुंकवाचं बोट पुढे आलेलं, आजीचं कपाळ मोकळंच. मी भांडले. "अहो, कुंकू लागलं होतं! त्यापायी भावकीनं तिला वर्षभर वाळीत टाकलं, आणि तुम्ही ते पुसता?" या मूळच्या पालमच्या, बोलणं अजून तिकडचंच. ब्रश धूत म्हणाल्या, "लावल्यावर झालंच की सगळं. मला त्याच्या आधीची धडधड दाखवायची हाय."

आता कबुली देते. त्याच संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, मी यांच्याच डब्यातला तांबडा रंग घेतला आणि बोटानं आजीच्या कपाळावर कुंकू लावलं. आजीसाठी? थोडंसं. चित्र बिघडावं म्हणून? बरंचसं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला आलेले पाहुणे नेमके तिथंच थांबले. "वा! बोट पोचायच्या आधीच बाईनं मनात कुंकू लावून घेतलंय! ही खरी कलावंताची नजर!" टाळ्या पडल्या. अंबिकाबाईंनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. म्हणजे माझ्या चोरीची शाबासकीही यांनाच!

पुढे दर उन्हाळ्यात अंबिकाबाई चित्राला रंगाचा नवा हात देत. सुमनबाईंचं लुगडं उजळायचं, कुंकू मात्र विटत गेलं. मी मनात म्हणायची, बघा, अठरा वर्षं कसा डूख धरलाय.

काल यांनी कपाट रिकामं केलं आणि एक छोटा डबा माझ्या हातात ठेवला. तांबडा रंग. "कुंकू लय विटलंय, वैदेहीबाई. तुमच्या आजीचं हाय, माझा हात कसा लावू? तुमी कवा लावता, वाट बघायलेय."

यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! 'हे मी काढलं नाही' एवढं म्हणाल्या असत्या, तर भर मांडवात माझी शोभा झाली असती. ती होऊ नये म्हणून नको असलेला मान यांनी मुकाट घेतला. आता सांगा, अशा बाईवर जळू नको तर काय करू? मोठेपणही यांच्याच वाट्याला!

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. भिंतीवरच्या चुकीची माफी मात्र मागत नाही, कारण समारंभ आटोपला की ती मी पुन्हा करणार आहे. अंबिकाबाई, डबा पिशवीत आहे. या वेळी शेजारी उभ्या राहा.