चिंचआळीची नवी पाटी

किरण : ताई, पसंती आली. नवीनच्या घरच्यांना मुलगी पसंत हाय. मध्यस्थ पोपटमामांचा फोन होता.

सुप्रिया : कसली पसंती? ते अजून आलेच नाहीत.

किरण : आले नाय?

सुप्रिया : मी सकाळपासून ही साडी नेसून बसलेय. पोहे दोनदा गरम केले. बाबा त्यांना बघायला नाक्यावर जाऊन उभे आहेत.

किरण : मग मी काय बोललोच नाय. फोन आलाच नाय. पोहे झाक, माशा बसतात.

सुप्रिया : मामा काय म्हणाले ते सांग.

किरण : कुठले मामा?

सुप्रिया : किरण्या.

किरण : म्हणाले, पाहुणे चहापाणी करून निघालेसुद्धा. कुंभिवली ओलांडली. मुलगी पसंत, घर पसंत, पोह्यातलं खोबरं पण पसंत.

सुप्रिया : आपल्या पोह्यांत खोबरं नाही.

किरण : तेच मी मामांना म्हणणार होतो. पण फोन आलाच नाय, तर म्हणणार कसं.

सुप्रिया : मग त्यांनी बघितलं कुणाला?

किरण : ताई, तू नव्या पाट्या बघितल्यास का?

सुप्रिया : मी पाहुण्यांचं विचारतेय.

किरण : मी पण पाहुण्यांचंच सांगतोय. निळ्या पाट्या. रात्री चमकतात, खाली क्यूआर कोड हाय. गावाचं शहर झालं म्हणून आमच्या नगरपंचायतीनं सगळ्या रस्त्यांना लावल्या ना परवा.

सुप्रिया : तू लावल्यास.

किरण : लावल्या गजानं. मी सुपरवायझर. मी खालून वर बघत होतो.

सुप्रिया : आपल्या चिंचआळीची पाटी कुठे आहे?

किरण : लागली.

सुप्रिया : कुठे?

किरण : पुढं.

सुप्रिया : पुढे म्हणजे किती पुढे?

किरण : लांब नाय. एक आळी. कुंभारआळीच्या तोंडावर.

सुप्रिया : कुंभारआळीच्या तोंडावर चिंचआळीची पाटी?

किरण : मग आपल्याकडं देऊळआळीची. सगळ्याच एकेक आळी सरकल्या. आता मला बघू नको तशी, चूक धाऊशेठची हाय. पहिल्या खांबावर त्यांच्या वाढदिवसाचा बॅनर होता.

सुप्रिया : मग काढायचा.

किरण : धाऊशेठचा?

सुप्रिया : वाढदिवस श्रावणात झाला. आता थंडी पडली.

किरण : वाढदिवस झाला, शुभेच्छा चालू हायत. आन त्यात माझा पण फोटो हाय. शुभेच्छुकांत, खालच्या लाइनीत, गॉगल घातलेला. आपल्याच हातानं आपला फोटो कसा उतरवायचा? गावात काय अर्थ निघंल?

सुप्रिया : म्हणून खांबच सोडून दिलास.

किरण : खांब सोडला, काम नाय सोडलं. पहिली पाटी दुसऱ्या खांबाला, दुसरी तिसऱ्याला. गजा वरून म्हणायचा, दे पुढची. मी गठ्ठ्यातली वरची द्यायचो. एकदम लाइनीत काम.

सुप्रिया : आणि शेवटची?

किरण : नदीआळीची उरली. आळ्या संपल्या ना. मग शेतात रोवली. तिथं आता कुणीतरी प्लॉटचा बोर्ड पण लावलाय, नदीआळीत दर्शनी प्लॉट म्हणून. म्हणजे विकास झालाच.

सुप्रिया : अख्ख्या गावाच्या पाट्या चुकवल्यास तू.

किरण : पाट्या बरोबर हायत. गाव एक आळी मागं राहिलं.

सुप्रिया : आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?

किरण : गाववाला कधी पाटी वाचतो? पाटी पाहुण्याला. तसा गॅसवाला वाचतो. कालची टाकी देऊळआळीची होती.

सुप्रिया : परत केलीस?

किरण : सकाळचे पोहे तिच्यावरच झाले.

(दारात ललिताकाकू. हातात मिठाईचा खोका.)

ललिताकाकू : सुप्रिया, हाय का गं घरात? हे पेढे घे. आमच्याकडं राहिलेत, पण आमचे नाय.

सुप्रिया : तुमच्याकडे कसे राहिले, काकू?

ललिताकाकू : पाहुणे ठेवून गेले. खोक्यावर मोहोपाड्याचं दुकान हाय. मी म्हटलं, आमचं तर मोहोपाड्यात कोन नाय. कुंभारआळी, चिंचआळी, दोन्हींत मिळून मोहोपाड्याला कामाला जाते ती एकटी तूच.

किरण : कुंभारआळीत तुमचं घर कितवं, काकू?

ललिताकाकू : चौथं. तुमच्यावानीच. का रं?

किरण : काय नाय. पत्ता तंतोतंत होता.

सुप्रिया : काकू, तुम्ही विचारलं नाहीत त्यांना, कोण तुम्ही म्हणून?

ललिताकाकू : दारात आलेल्याला कोन तुमी विचारायचं? पाणी न देता? माझ्या सासूनं जन्मात विचारलं नाय. एकदा तर मीटर बघायला आलेला माणूस जेवून गेला. पाणी झालं, पोहे झाले, चहा झाला. आता विचारावं म्हटलं, तर ती बाई म्हणते, मुलीला बोलवा.

सुप्रिया : कुठल्या मुलीला?

ललिताकाकू : घरात एकच मुलगी. माझ्या नणंदेची प्रणाली, सुट्टीला आलीय. मला वाटलं, तिच्या कालेजातले कोन असतील. आली बिचारी, केसाला तेल लावलेलं तशीच. पाहुण्यांत एक पोरगा होता, त्याच्या बापानं विचारलं, नाव काय. ती म्हणाली, प्रणाली. बाप म्हणाला, घरचं नाव वेगळं असंल.

किरण : आन फोटो? मामांनी ताईचा फोटो पाठवलेला त्यांना.

ललिताकाकू : त्याचा पण विषय निघाला. पोराची आई म्हणाली, फोटोपेक्षा रंग उजळ निघाला. लोक उलटं फसवतात, ही माणसं सज्जन दिसतात.

सुप्रिया : नवीन काय म्हणाला?

ललिताकाकू : कोन, तो चष्मेवाला? तो काय नाय बोलला. पोहे दोनदा घेतले.

सुप्रिया : प्रणालीकडे बघितलं त्यानं?

ललिताकाकू : बघायलाच आलेला ना गं.

सुप्रिया : उठला नाही? दाराकडे, खिडकीकडे, असं काही बघितलं नाही?

ललिताकाकू : पंख्याकडं बघत होता जरा वेळ. आमचा पंखा आवाज करतो. तुझ्या वळखीचा हाय का तो?

सुप्रिया : एकाच कंपनीत आहोत, काकू. लॅबमध्ये. संध्याकाळी तोच सोडतो मला बाइकवर. त्याचं घर तिथंच, कॉलनीत. तरी इथवर येतो आणि उलटा जातो. बघण्याचा कार्यक्रम नुसता घरच्यांसाठी होता. आमचं ठरलेलं.

किरण : आं? मला कुणी सांगितलं नाय.

सुप्रिया : तू सुपरवायझर. तू वर बघत असतोस.

ललिताकाकू : मग त्याला घर ठाऊक होतं.

सुप्रिया : घरी कधी आला नाही. आळी ठाऊक होती. आळीच्या तोंडावरच्या चिंचेखाली सोडतो मला. पावसात तासतास थांबलोय तिच्याखाली. गेल्या आठवड्यात बाइकवर उभं राहून चिंचा काढल्या त्यानं, बिया माझ्या पर्समध्ये आहेत अजून. त्याला काय पाटी वाचायची गरज?

किरण : कुंभारआळीच्या तोंडावर चिंच नाय.

ललिताकाकू : डीपी हाय तिथं. लाइटीची.

किरण : डीपी पण उंचच असते, ताई. गाडीच्या काचेतून, घाईत...

सुप्रिया : किरण्या.

किरण : मी शक्यता सांगतोय.

ललिताकाकू : फोन लाव ना गं त्याला. समोरासमोर विचार.

सुप्रिया : मघापासून लावतेय. कट करतोय.

किरण : गाडीत बाप असंल शेजारी.

सुप्रिया : थांब. मेसेज आला.

ललिताकाकू : काय म्हणतो?

सुप्रिया : पाटीवर चिंचआळीच लिहिलं होतं.

किरण : तेवढंच?

सुप्रिया : पुढे लिहिलंय, मी गाडीत म्हणालो, ही पुढची आळी वाटते. बाबा म्हणाले, सरकारी पाटी आहे, चुकेल कशी. आत गेल्यावर सगळ्यांसमोर काय बोलणार? आता आई खूश आहे. दोन दिवस जाऊ दे, मग बघू.

ललिताकाकू : काय बघू?

सुप्रिया : ते नाही लिहिलंय.

किरण : मी शिडी आणतो. आत्ताच्या आत्ता पाटी उतरवून आपल्या तोंडावर लावतो.

सुप्रिया : मग काय होईल?

किरण : मग ते परत आले तर बरोबर येतील.

ललिताकाकू : बाप पाटी बघून चुकला रं. पोरगा कुठं पाटी बघून चुकला?

किरण : शिडी पण हापिसात हाय, म्हणा. आन साहेब हात लावू देणार नाय. उद्घाटन झालंय. पाटी हलवली तर चूक झाली असं दिसंल. फार तर रेकॉर्डला आळ्यांची नावं बदलू म्हणाले. परवापासून तुमी चिंचआळीत राहाल, काकू.

ललिताकाकू : मी नाय राहणार. माझं माहेर चिंचआळी. लग्न होऊन परत माहेरात कशी राहू?

सुप्रिया : काकू, प्रणाली काय म्हणते?

ललिताकाकू : तिला काय कळलंच नाय. म्हणते, पाहुणे चांगले होते, बिल द्यायला आलेले का? मी नाय सांगितलं. तू म्हणशील तर पोपटमामाला मी सांगते, आमची पोर द्यायची नाय म्हणून.

सुप्रिया : नको. ते नवीननं सांगायला हवं.

ललिताकाकू : अगं, तो सांगंल?

सुप्रिया : पेढे तेवढे आत ठेवा. आई देवासमोर बसलीय, तिला काही बोलू नका.

किरण : आन बाबा? उन्हात उभे हायत.

सुप्रिया : त्यांना फोन कर. सांग, पाहुणे आलेच नाहीत.

किरण : मी सुरुवातीला तेच म्हणत होतो.

ललिताकाकू : जाते मी आत. तू जरा पाणी पी, पोरी.

सुप्रिया : किरण्या, त्या क्यूआर कोडवर तक्रार होते ना?

किरण : होते. मोबाइल धरायचा, की तक्रार जाते.

सुप्रिया : कुणाकडे जाते?

किरण : माझ्याकडं.

सुप्रिया : मग तू काय करतोस?

किरण : साहेबांकडं पाठवतो. साहेब योग्य त्या कारवाईसाठी परत माझ्याकडं पाठवतात.

सुप्रिया : माझी लिहून घे.

किरण : ताई, राहू दे ना आता. मोहोपाड्याला नेऊ का तुला, गाडी काढू? त्याच्या तोंडावर विचार.

सुप्रिया : लिही म्हणते ना. विषय, चिंचआळीची पाटी. महोदय, सदर पाटी लावली आहे तिथेच राहू द्यावी. ती हलवू नये.

किरण : हे लगेच मंजूर होईल. अशी तक्रार साहेबांनी कधी बघितलीच नसंल.

सुप्रिया : पुढे लिही. आमच्या आळीच्या तोंडावरचं चिंचेचं झाड मात्र मुळासकट काढून कुंभारआळीत, डीपीच्या शेजारी, त्या पाटीमागे लावून मिळावं.

किरण : कारण? कारण भरल्याबिगर पुढं जात नाय.

सुप्रिया : सदर इसम झाड बघून फसला, असं अर्जदाराला स्वतःशी म्हणता यावं म्हणून.

किरण : ताई.

सुप्रिया : आणि लावलं कधीही, तरी झाड आज सकाळपासून तिथेच होतं असं धरण्यात यावं, ही नम्र विनंती.