जेवायचा पाट

पाट? पाट कशाला हवा तुला, उत्तम? बसून काम करणार आहेस का? — उभं राहायला? अरे, जेवायचा पाट तो, त्यावर पाय कसले ठेवतोस! म्हणे कोरड्या लाकडातून करंट जात नाही — तुम्ही सगळे सारखंच बोलता. सगळे म्हणजे — काही नाही. घे, तोच घे, भिंतीला लावलेला. महिनाभर कुणी बसलेलंही नाही त्यावर.

माझ्या प्रभाकरनं काय सांगितलंय तुला? नळ तपास, एवढंच ना? त्याची बायको गेली गेल्या महिन्यात — इथंच, या नळाखाली. हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. पण हा ऐकतोय होय? सहाला कचेरीतून येईल आणि पायातल्या वहाणाही न काढता तुलाच विचारेल, नळात वीज होती का, म्हणून.

अरे, विहिरीवर मोटर बसवली ती तिच्यासाठीच! सोवळ्याला आमच्याकडे विहिरीचंच पाणी लागतं, म्हटलं, रहाट ओढायचे सुनेचे कष्ट वाचतील — वाचले की नाही? तर आठ दिवसांत म्हणते कशी, "आई, मोटर चालू असली की नळ चावतो." चावतो! मी म्हटलं, "दात फुटले का गं त्याला? माहेरी नळ नव्हता, म्हणून भितेस." सगळ्या कोपरी गावात सांगितलं मी ते. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "काय सुमती, आज कुठं चावला?" तीही हसायची. हसायचीच रे.

मग तिनंच शोध लावला — पाटावर उभं राहिलं की चावत नाही. ओलेत्यानं, देवाचं पाणी भरायला, जेवायच्या पाटावर पाय! मी स्वतः काढून घेतला. काढू नको तर काय करू? घराला रीत असते की नाही? "आई, एवढा राहू द्या," म्हणाली. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, "नाटकं पुरे, भर पाणी." पाट आत नेऊन भिंतीला लावला आणि परत येते तर — हृदयच होतं रे ते. अशक्तच होती मुळात.

हा बल्ब कशाला? आधी घरातल्या प्लगवर लावून बघतोस? — हां, बल्बच गेलेला असला तर नळ उगाच निर्दोष ठरायचा. शहाणा आहेस. एक वायर जमिनीत ठोकलेल्या सळईला, दुसरी नळाला — आणि हात नाही लावायचा, होय. मोटर सुरू करू? करते.

...

काढ तो बल्ब. काढ म्हणते ना! पेटला, दिसलं मला, आंधळी नाही मी.

हे बघ, मोटरीत काय बिघडलंय ते नीट कर, आणि प्रभाकरला सांग, नळात काही नव्हतं. रविवारी कल्याणहून माणसं यायचीत, मुलीकडची, प्रभाकरला बघायला. पाय धुवायला याच नळावर येतील. असा बघतोस काय?

नाही सांगणार?

बरं. मग उतर खाली. पाट आमचा आहे. — आधी मोटर बंद करू म्हणतोस? का रे? तुलाही नळ चावतो?