माशांनी अंगावर घेतलं

वसुंधरा: थांबा, पोरीला उचलू नका. आधी हात धुवा, कोपरापर्यंत.

अंकुश: अगं, न्हावा शेव्याहून ड्यूटी करून आलोय, गटार उपसून नाही.

वसुंधरा: दाराच्या कडीला हात लागला ना तुमचा? त्या कडीला मघाशी माझा लागला होता. आणि माझा हात त्याआधी माशांच्या टाकीत होता.

अंकुश: परत? आज कोण गेला?

वसुंधरा: पांढऱ्या शेपटीचा. उलटा तरंगत होता. पोट टम्म, अंगावर कापसासारखी बुरशी. आणि आपली समीक्षा काचेला नाक लावून त्याला टाटा करत होती. मला मोरीपर्यंत पोचायचाही दम निघाला नाही, बेसिनमध्येच ओकले.

अंकुश: आता किती उरले?

वसुंधरा: तो काळा, बटबटीत डोळ्यांचा, तेवढाच. तोही सारखा वर येऊन तोंड वासतोय. तो गेला की पोरगी काय बघणार आहे? सकाळी उठली की आईला नाही शोधत, त्याला शोधते.

अंकुश: पण रविवारी सगळं पाणी ओतून टाकलं मी. खडे साबणाने घासले, फिल्टरचा स्पंज उकळत्या पाण्यातून काढला. आरशासारखी केली होती टाकी.

वसुंधरा: तिथंच तर चुकतंय. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो. एसटी स्टँडच्या मुतारीत डोळे चुरचुरतात ना, तो. त्या स्पंजात, खड्यांत जिवाणू धरलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग त्याचं नायट्रेट. नायट्रेट माशांना बरंच सोसतं, आणि थोडं थोडं पाणी बदललं की तेही उतरतं. तुम्ही दर रविवारी त्या जिवाणूंनाच उकळून मारता. वर नळाचं क्लोरीनचं पाणी तसंच ओतता.

अंकुश: दुकानवाला तर म्हणाला, टाकी स्वच्छ ठेवा.

वसुंधरा: त्याला मासे विकायचेत. पण नुसत्या त्यानेही एवढं होत नाही. माझी मैत्रीण प्राजक्ता आहे ना, ती अजून कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. तिच्याकडून अमोनिया तपासायचं औषध आणलं. थोडा असला तर पाणी पिवळं होतं. आपलं सरळ विटकरी झालं, खाली गाळ बसला.

अंकुश: ते औषध कुठे ठेवलंयस? पोरगी सगळं तोंडात घालते.

वसुंधरा: कपाटात, कुलपात. विषारी आहे ते, मला ठाऊक आहे. तुम्ही टाकीचं बोला. पोरीचा हात दिवसभर त्या पाण्यात. स्टुलावर चढते, बोटं बुडवते आणि चाटते. आज डोळ्यांनी बघितलं मी. बोटं चाटताना हसत होती हो.

अंकुश: टाकी उंच ठेवू.

वसुंधरा: आधी हे बघा. या बशीत. खड्यांखाली हात घातला, तेव्हा मिळालं.

अंकुश: शी. अळ्या आहेत?

वसुंधरा: मलाही तेच वाटलं. शितं आहेत, भाताची. फुगलेली, बुळबुळीत. चिमटीत धरलं की फुटतात, आणि आतून नासक्या दह्याचा वास येतो. हे लाल लाल काय आहे ते तुम्हीच सांगा.

अंकुश: मी आंघोळ करून येतो.

वसुंधरा: आई, जरा बाहेर येता का?

[ठमाबाई गुडघ्यावर हात रेटत स्वयंपाकघरातून येते. बशीकडे बघते, मग अंकुशकडे. अंकुश दोरीवरचा टॉवेल ओढतो. खांद्यावर आधीच एक टॉवेल आहे, हे फक्त वसुंधरा बघते.]

ठमाबाई: पदर लाव गो नाकाला. तोंड कवरा वाकडा करशील.

वसुंधरा: आई, टाकीत भात कोण घालतं?

ठमाबाई: मी. कोन घालनार दुसरा?

वसुंधरा: का?

ठमाबाई: पोरीची दिष्ट काढलेला दहीभात हाय तो. वरती कुकू. पोरीचा पोट बिघरला की ओवालतंय. मंग माशांना देतंय. मासा आपले अंगावर घेतं. पोर सुटतं.

वसुंधरा: अंगावर घेतं म्हणजे मरतं.

ठमाबाई: मरतं तर मरतं. मासा मेला नि पोरीचा ताप उतारला. लाल मासा मेला तवा उतारला का नाय? दोन शेपटीवाला मेला तवा?

वसुंधरा: तिला औषध दिलं होतं मी, म्हणून उतरला.

ठमाबाई: तुझा औषद तू दिलास, माझा मी केला. मी कदी बोलले, औषद देव नको?

वसुंधरा: आई, नीट ऐका. भात कुजतो, पाण्याचं विष होतं, मासा मरतो. पोरगी त्याच पाण्यात हात घालून चाटते. तिचं पोट बिघडतं. पोट बिघडलं की तुम्ही परत ओवाळता, परत भात टाकता. तिचं दुखणं आपणच टाकीत पिकवतोय.

ठमाबाई: आमचे गावान तलयात जिताडी हुती. अख्ख्या गावाचा उरलेला भात खाऊन मांडीएवरी झाली. एक मेला नाय.

वसुंधरा: तुमचं तळं केवढं आणि ही टाकी केवढी. त्यात भरतीचं पाणी येत होतं, जात होतं. हे पाणी कुठे जाणार? तुमच्या जेवणाच्या ताटातच मोरी करून ठेवली तर?

ठमाबाई: शी, काय बोलतंस.

वसुंधरा: तसंच आहे ते. त्या माशांना तिथंच खायचं आणि तिथंच श्वास घ्यायचा.

ठमाबाई: ह्ये मला कुनी सांगला नाय.

वसुंधरा: आणि ओवाळलेलं घराबाहेर टाकतात ना? माझी आजीसुद्धा चव्हाट्यावर ठेवायची. घरात, पोरीच्या उशाशी कोण ठेवतं?

ठमाबाई: तीन जिने उतरून जाव मी? ह्या गुडघ्यांनी? एकदा जिन्याखाली ठेवला, तर ती खालची शशिकला अख्खी कॉलनी गोला करून बोलली, की गावठी लोका करनी करतान. मंग अंकुशला बोलले, तू नाक्यावर ठेव. तर तो...

अंकुश: आये, जाऊ दे ना.

वसुंधरा: तर तो काय?

ठमाबाई: तो बोलला, मला लाज वाटतं. कंपनीची मानसा नाक्यावर चाय पितान, बघतील. टाकीत टाक, मासे खातील, कुनाला कलनार नाय.

वसुंधरा: म्हणून दर रविवारी खडे घासत होतात.

अंकुश: आयेलाही वाईट वाटायला नको आणि तुलाही कळायला नको. मला वाटलं, धुतलं की झालं.

वसुंधरा: मी तुम्हाला अमोनिया शिकवत होते मघाशी. आणि तुम्ही ऐकत उभे होतात. बशीतलं बघून अळ्या का म्हणून विचारलंत.

अंकुश: काय बोलणार होतो? बीएस्सी झालेल्या बायकोला सांगू, की माझी आई माशांना दृष्ट चारते?

वसुंधरा: सांगायचं. भांडले असते मी. पण पोरीने ते पाणी चाटलं नसतं.

ठमाबाई: भांडू नका रे. सांग गो, आता काय करायचा? काल्याला तरी वाचव. पोरगी त्याला मामा बोलतं.

वसुंधरा: खाली साचलेला सगळा भात नळीने ओढून काढायचा, त्याच्यासोबत तिसरा हिस्सा पाणी. तेवढंच भरायचं, तेही मी कालपासून बादलीत उघडं ठेवलंय ते, क्लोरीन उडालेलं. परत उद्या, परवा, औषधाने पाणी पिवळंही होईनासं होईपर्यंत. स्पंज नळाखाली नाही, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळायचा. आणि दोन दिवस त्याला खायला काही नाही. मग चिमूटभर.

ठमाबाई: दोन दिस उपाशी? पाप लागल.

वसुंधरा: लागू दे मला. अहो, टॉवेल ठेवा तो आणि नळी धरा. तोंडाने ओढू नका, तोंडात गेलं तर तुमच्यासाठी वेगळा मासा आणावा लागेल.

अंकुश: आयला, काय वास आहे हा.

वसुंधरा: तुमच्या आरशाचा आहे. आई, तिला स्टुलावरून उतरवा. इकडे आण गं तुझे हात, साबण लावते. अगं बाई. आई, हिचं कपाळ बघता?

ठमाबाई: कोमट हाय.

वसुंधरा: कोमट की गरम?

ठमाबाई: पोट बी कडक लागतंय. डाक्टर कवा उघरल?

वसुंधरा: सहाला. तोवर साखर-मिठाचं पाणी पाजते. काही होणार नाही. होणार नाही ना, आई?

ठमाबाई: नाय होनार.

वसुंधरा: आई.

ठमाबाई: काय गो?

वसुंधरा: भात शिल्लक आहे का सकाळचा?

ठमाबाई: हाय मूठभर. पन तूच बोललीस...

वसुंधरा: टाकीत नाही टाकायचा. तुम्ही ओवाळा आणि माझ्याकडे द्या. मी नाक्यावर ठेवून येते.

अंकुश: वसू, आत्ता? सगळे तिथे चहाला उभे असतील.

वसुंधरा: असू देत. तुम्ही पाणी बघा, तिसऱ्या हिश्श्याच्या वर काढू नका. द्या आई.

ठमाबाई: ने. पदराखाली धर. नि ठेवलास की मागं वलून बघू नको हां, बाय.