बाबांनी मोकळे केलेले बूट

...आणि वर मलाच विचारतात, ‘एवढं चिडायला झालं काय?’ आता तुम्हीच सांगा. पंधरा दिवस पायी भटकायचं, रोज वीस किलोमीटर, आपलं ओझं आपल्याच पाठीवर, आणि घरातलं एकही माणूस सोबत नाही... हे शेवटचं मी घरी बोलले नव्हते, पण तुम्हाला सांगते, डोंगरातल्या या मोहिमेत नाव नोंदवलं ते त्यासाठीच. तीन वर्षं रजा साठवल्या त्या त्यासाठीच. आणि घरात माझी सॅक म्हणजे काय, तर येता-जाता ज्याने-त्याने काहीतरी कोंबायची जागा.

आई म्हणते, “स्वेटर दोन घे.” एक पुरे, आई. “तो भिजला तर?” भिजू नये म्हणून वरून रेनकोट आहे. “आणि रेनकोट भिजला तर?” आता यावर शिकल्यासवरल्या मुलीने काय बोलायचं? घाम चटकन वाळेल असे दोनच शर्ट ठेवले, तर आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, जी जिना चढताना मधे दोनदा बसते, ती म्हणते, “दोनच? लोक काय म्हणतील?” कोण लोक, आत्या? डोंगरात कोण लोक? “असतात. लोक सगळीकडे असतात.” आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात सॅकमध्ये जरीच्या काठाचा ड्रेस. कुठे समारंभ निघाला तर असावा म्हणून. संध्याकाळी सॅक काट्यावर ठेवली, मर्यादा आठ किलोची, काटा अकरावर. उपसत गेले तर तळाशी उशी. अभ्र्यासकट. अहो, चालायचं कोणाला आहे? मला.

पण उशी उपसून काढता येते हो. बुटांचं काय करायचं?

आमच्या मोहिमेच्या प्रमुख बाई फार कडक. पत्रकातच लिहिलेलं, ‘कोरे बूट चालणार नाहीत. वजन घेऊन शंभर किलोमीटर चाललेले हवेत. मी स्वतः तपासणार. बूट नापास, तर माणूस नापास.’ मी बूट आणले आणि नेमकं ऑफिसात काम निघालं, तीन आठवडे मान वर करायला फुरसत नाही. एका रविवारी म्हटलं आज तरी चालावं, खोकं उघडलं, तर रिकामं. बाबा, माझे बूट? बाबा दारातून आत येत होते. घामाघूम. पायात माझे बूट.

“मोकळे करतोय,” म्हणाले. “तुला वेळ नाही, मला उद्योग नाही, माप आपलं एकच. चौऱ्याऐंशी किलोमीटर झाले. गुरुवारी शंभर होतात.”

बाबा, बुटांना माझ्या पायाची सवय व्हायला हवी ना? चालायचं कोणाला आहे?

“तुलाच आहे. म्हणून तर आयते करून देतोय.”

तपासणीला बाबा सोबत आले. कौतुक ऐकायला. बाईंनी बूट हातात घेतला, उलटा केला, तळ बघितला. मला म्हणाल्या, “घाला, चाला.” मी चालले. आत माझी टाच घसरगुंडी खेळतेय. बाई म्हणाल्या, “हे बूट घालणारा माणूस पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देतो. तुम्ही देत नाही. तिसऱ्या दिवशी पाय सोलून निघतील. या बुटांत मी तुम्हाला नेणार नाही.”

माझ्या तीन वर्षांच्या रजा डोळ्यांसमोरून गेल्या.

तेवढ्यात मागून बाबा. आवाज एकदम बारीक. “मी घातले होते, बाई. मदत म्हणून. चूक माझी आहे, तिला नका मागे ठेवू.”

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “वजन घेऊन चाललात?”

“शब्दकोशाचे चार खंड. आठ किलो. पत्रकात होतं तसं.”

“चढ?”

“पाच मजले, रोज दोनदा.”

“फोड?”

“एक आला होता. गेला.”

तुम्हाला सांगते, तीन तासांत ती बाई पहिल्यांदा हसली. मला म्हणाली, “निघायला अजून चौदा दिवस आहेत. नवे बूट घ्या आणि स्वतःच्या पायांनी चाला.” आणि बाबांना म्हणाली, “एक जागा रिकामी झालीये. येता?”

बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, “येऊ?” आयुष्यभर मला नुसतं ‘कर’ आणि ‘करू नको’ सांगणारा माणूस, ‘येऊ’ विचारतो. तोंडातून निघून गेलं, या.

आता मोहिमेचा नियम असा, की सगळ्यांत हळू चालणाऱ्याने सगळ्यांत पुढे राहायचं, म्हणजे कोणी मागे पडत नाही. काल सराव झाला. पुढे मी. माझ्या लगेच मागे बाबा. पंधरा दिवस हेच. दोनशे पावलं झाली नाहीत तोच मागून सुरू, “खांदे सोड. पाय उचल. श्वास नाकाने.” आणि मागे वळून चिडायचीही सोय नाही हो. वळलं की म्हणतात, “पुढे बघ.”