लाल खडूची फुली

...नाही, मला एक सांगा, जिला मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटीसुद्धा "अंकलजी, वो अलग से लगेगी", ती सायकल आहे की सायकलीचा एक्स-रे? आणि लोक मलाच हसून राहिले! म्हणे शशिकांत मेश्राम जानेवारीपासून सायकल पाहून राहिला, आता भीमजयंती आली. अहो, पाहून राहिलो म्हणजे घ्यायची आहे म्हणूनच ना? सायकल तर घ्यायचीच आहे, मी कुठं नाही म्हणून राहिलो?

तुम्हाला सांगतो, चूक सगळी माझ्या हाताची. इथं जबलपूरला आमच्या विहारात जयंतीच्या सायकल रॅलीची मीटिंग होती. आमच्या समितीचे अध्यक्ष लक्ष्मणराव, त्यांनी विचारलं, "सर्वात समोर पंचशील ध्वज घेऊन कोण चालणार?" सगळे खाली चटईकडे पाहून राहिले आणि माझा हात वर! काहून गेला वर? अजून मला नाही ठाऊक! लक्ष्मणराव खूश. "वा, शशिकांतराव! सायकल आहे ना तुमच्याकडे?" मी म्हटलं, "घेऊन राहिलो ना!" टाळ्या! अर्ध्या चेरीताल मोहल्ल्यासमोर टाळ्या! आता टाळ्या वाजल्यावर माणूस मागं फिरू शकते का?

बरं, रॅलीचा रस्ता ऐका. अर्धा डांबरी रोड, त्यात खड्डे, ऑटो, स्पीड ब्रेकर... आणि अर्धा तो नवा सायकल ट्रॅक, गुळगुळीत, मधोमध गाय बसलेली. म्हणजे रोडसाठी जाड टायर पाहिजे, ट्रॅकसाठी बारीक. जाड घ्या तर ट्रॅकवर आपण रोलर ओढून राहिलो असं वाटते. बारीक घ्या तर पहिल्याच खड्ड्यात ध्वज एकीकडे, मी एकीकडे! पोरगी एकता म्हणाली, "पापा, हायब्रिड ले लो ना, दोनों पे चलती है." पोरीला मराठी सगळी समजते, पण बोलायची म्हटली की तोंडाला कुलूप. मी म्हटलं, बाई, हायब्रिड म्हटलं की मला भंडाऱ्याच्या आजोबांची ज्वारी आठवते, त्या भाकरीला शेवटपर्यंत चव नाही आली! "पापा, प्लीज!" चलो, ठीक आहे, हायब्रिड पाहू म्हटलं. सायकल तर घ्यायचीच आहे, मी कुठं नाही म्हणून राहिलो?

पण माझा एक रोग आहे. मी रिछाईच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. उभी नोकरी माल तपासण्यात गेली. पीस आला, उचलला, फिरवला, मापला, खोट दिसली की लाल खडूनं फुली. रिजेक्ट! माझ्या टेबलावरून पीस सुखरूप पुढे गेला तर हाताखालची पोरं मिठाई मागतात. आता ही सवय काय गेटवर काढून ठेवता येते? घरी पोळी आली तरी मी आधी कडेनं फिरवून पाहतो. राजश्री, म्हणजे आमच्या मंडळी, एकदा म्हणाली, "अहो, खा ती! विमानात नाही लावायची!"

तर मी दुकानात गेलो व्हर्नियर, म्हणजे आमचं कारखान्यातलं मापायचं यंत्र, घेऊन. हो, हसा! चाक फिरवलं, कान लावला, एक डोळा मिटून रिम पाहिली. थोडी आउट, वाकडी. पुढची? ब्रेक डावीकडे ओढते. तिसरी? गिअर एवढे, की नर्मदेच्या घाटावर पोहोचेपर्यंत माणूस आपण कोणत्या गिअरमध्ये आहो हेच मोजत बसेल. चौथी बरी होती, पण सीट अशी टोकदार... आणि माझा देह असा, तुम्ही पाहूनच राहिले. दुकानवाला आधी चहा पाजून राहिला होता, मग पाणी, मग मला पाहिलं की आतल्या माणसाला ओरडायचा, "अरे, इंजीनियर साहब आ गए, पंखा बंद कर दे!" मी इंजिनिअर नाही, हेही त्याला दोनदा समजावून सांगितलं.

शेवटी एक लाल सायकल समोर आली. मडगार्ड आहे, स्टँड आहे, घंटी आहे, टायर ना जाड ना बारीक, रिम एकदम सरळ. मी घामाघूम! काही सापडेचना! आता इन्स्पेक्टरला काही सापडलं नाही तर तो इन्स्पेक्टर कशाचा? तेवढ्यात मागं नजर गेली. कॅरिअर! हे जाड, मजबूत लोखंडी कॅरिअर! मी म्हटलं, "भैया, एवढं वजन मागं कशाला? इस पर बैठेगा कौन?" आणि बोलता बोलता हात खिशात गेला, लाल खडू निघाला आणि सीटखालच्या दांडीवर... फुली! सवय हो! दुकानवाला किंचाळला, "अंकलजी! ये क्या कर दिया! अब इसे कौन लेगा?" मी रुमालानं पुसायला गेलो, तर तो म्हणाला, "हाथ मत लगाइए, बस जाइए!" मी अपमान गिळून म्हटलं, जातो बाप्पा, पण येईन. सायकल तर घ्यायचीच आहे, मी कुठं नाही म्हणून राहिलो?

आणि जयंतीच्या आदल्या दिवशी राजश्री मेथी आणायला गेली. घंटी वाजली. कोणती? दाराची नाही, सायकलची! पाहतो तर बाई सायकलवर! साडीचा पदर खोचलेला, मेथी हँडलला लटकलेली. अहो, कुंडम गावची पोरगी ती, शाळेत जंगलातल्या रस्त्यानं सायकलनं जायची, हे मला लग्नाच्या वेळेस सांगितलं होतं म्हणे, पण मी तेव्हा जेवणाचं इन्स्पेक्शन करत असेन. मी वाकून पाहिलं. सीटखाली लाल फुली. माझीच! माझ्या हाताची!

"काहून घेतली ही?" मी ओरडलो. "ही तर रिजेक्ट आहे!"

"म्हणूनच घेतली," ती म्हणाली. "दुकानवाल्यानं सगळं सांगितलं. बाकीच्या सायकलींत तुम्ही रिमपासून सीटपर्यंत खोटी काढल्या. हिच्यात काय सापडलं? कॅरिअर मजबूत आहे! अहो, तुम्हाला ज्यात एवढीच खोट सापडली, त्याहून चांगली सायकल जबलपूरमध्ये आहे तरी का?"

मी पोळीसुद्धा न तपासता खाल्ली त्या दिवशी.

सकाळी विहारासमोर ही गर्दी! लक्ष्मणराव ध्वज घेऊन उभे. "जय भीम, शशिकांतराव! सायकल?" राजश्री हळूच म्हणाली, "तुम्ही चालवा, मी पायी येते." खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं माझ्या. बाई मला वाचवून राहिली होती. मी हँडल धरलंही... पण ती फुली! उभी नोकरी मी कारखान्यातल्या पोरांना सांगितलं, रिजेक्ट माल तपासणाऱ्यानं स्वतः वापरायचा नाही. आज मीच चालवू? तत्त्व म्हणजे तत्त्व! एकता कपाळाला हात लावून म्हणाली, "पापा, आप पीछे बैठ जाओ ना!" आणि सगळी गर्दी खदाखदा हसली, आणि मी बसलो.

हो, बसलो! समोर राजश्री, मागं मी, दोन्ही हातांनी ध्वज उंच धरलेला. रोडवर खड्डे आले, ट्रॅकवर गाय आली, बाईनं अशी वळवली सायकल, की गायीनंही मान वळवून पाहिलं. लोक फोटो काढून राहिले. मी पोट आत घेतलं, पण ते काही जास्त वेळ आत राहत नाही. समोरून तिनं विचारलं, "कसं वाटून राहिलं जी मागं?"

काय सांगू? कणभर हललं नाही हो, इकडचं तिकडे झालं नाही. मी ध्वज एका हातात सांभाळला, खिशातून रुमाल काढला, हात खाली नेऊन ती फुली पुसली आणि म्हटलं, "कॅरिअर पास आहे."

आता माझ्यासाठीही एक पाहून राहिलो. सायकल तर घ्यायचीच आहे, मी कुठं नाही म्हणून राहिलो... पण राजश्रीनं कॅरिअरवर गादी शिवून बसवली आहे.