भिंतीपलीकडचा रेडिओ

शिरूर स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्या पूनमच्या बाकावर बसलेले एक आप्पा पुन्हा उठले, तशी त्यांची बायको कावली.

"आवो, बसा की! लग्नाला जायाचंय."

"मी माघारी केंदूरला जातो. आज थोरल्या भावाच्या घरात रेडिओ वाजला न्हाई."

"न्हाई तर न्हाई! ऐतवारच्या त्याच नकला आन् तीच गाणी."

"इतक्या वर्सांत एकबी ऐतवार चुकवला न्हाई त्यानं."

"मग आपला रेडिओ घ्या की."

"कशाला? त्यो मुद्दाम आपल्या भिंतीला लावतो. मी हसलो की आवाज वाढवतो."

"वाटणी झाल्यापासनं बोलत न्हाई ना तुमी त्यांच्याशी?"

केंदूरची गाडी लागली. आप्पांनी पिशवी उचलली.

"बोलाया कोण चाललंय? रेडिओ का बंद हाय, येवढंच इचारतो."