शेवटचा प्लॉट नदीचा आहे

आदरणीय वहिनी, घरची सगळी मंडळी, घाट समितीचे सदस्य आणि पलीकडच्या गावांहून नावेनं आलेल्या भावाबहिणींनो,

माझं नाव पुकारलं तेव्हा वाटलं, सांगावं की मला जमणार नाही. सारा जन्म शाळेत बोलण्यात गेला, पण आजचं बोलणं वेगळं आहे. वसंतभैयांच्या फोटोवरचा हार पाहवत नाही. त्यांना हार आवडायचा नाही. सत्कारात गळ्यात पडला की लगेच काढून शेजारच्याच्या हाती द्यायचे. आज तो त्यांना काढता येत नाही.

काही नवे चेहरे दिसून राहिले आहेत, म्हणून थोडं मागचं सांगते. आपल्या घाटावरून पलीकडे नावा जातात. उन्हाळ्यात धरणातून पाणी कमी सुटलं की नाव मधल्या खडकांवर अडते. मग बायाबापड्या उतरतात आणि डोक्यावर टोपली घेऊन पाण्यातून चालतात. हे खडक काढा, नावेची वाट खोल करा, दोन्ही काठांवर धक्का बांधा, ही आपली मागणी होती. सरकारजवळ पैसा नव्हता. जमीन होती. घाटालगतची सरकारी जमीन समितीला मिळाली. अट एकच. प्लॉट विकून जे येईल ते नदीतल्या वाटेवर लागलं पाहिजे.

ती मंजुरी भैयांनी आणली. स्वतः नायब तहसीलदार होऊन रिटायर झालेला माणूस, सिविल लाइन्सच्या कचेऱ्यांत खेटे घालत होता. एकदा मला म्हणाले, "कुमुददीदी, ज्या खुर्चीत बसून मी लोकांना 'उद्या या' म्हणायचो, त्याच खुर्चीसमोर आता उभा राहून ऐकतो. बरोबरच होऊन राहिलं आहे." आणि मनापासून हसले.

जमीन मिळाली. पहिले प्लॉट विकले. मग आपण काय केलं? अलीकडच्या काठावर पायऱ्या बांधल्या. दिवे लावले. मोठी कमान उभी केली. काहून? कारण ते दिसतं. पाण्याखालचा खडक काढला तर उद्घाटनाला फीत कशावर बांधणार? भैया त्या बैठकीत एकटे विरोधात होते. शांतपणे म्हणाले, "पायऱ्या सुंदर होतील. लोक त्या उतरतील, नावेत बसतील, आणि मधे जाऊन अडकतील." सगळे हसले. तेही हसले. पण मत बदललं नाही.

तेव्हापासून शेवटचा प्लॉट त्यांनी अडवून धरला. विक्रीच्या कागदावर त्यांची सही लागायची; खडकांचं काम आधी ठरवा, मग माझी सही, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांची ती रीत तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाईक आलं की त्याला प्लॉट दाखवायचे नाहीत. आधी नावेत बसवायचे. नेपियर टाउनचे एक शेठ आले होते, लग्नांसाठी मॅरेज गार्डन काढायचं होतं त्यांना. म्हणाले, "भैयाजी, मुझे प्लॉट देखना है, नदी नहीं." भैया म्हणाले, "प्लॉट कहीं भागा नहीं जा रहा. बैठिए." खडकावर नाव घासली आणि थांबली. शेठजींना बूट हातात घेऊन उतरावं लागलं. भिजलेल्या पँटनं ते किनाऱ्याला लागले तेव्हा भैया म्हणाले, "आपका पैसा यहाँ लगेगा. मंज़ूर हो तो चलो, अब प्लॉट देखते हैं." शेठजी काही परत आले नाहीत. समितीतले लोक चिडले. हा माणूस गिऱ्हाईक पळवून राहिला आहे, असं बोलले. अडेलतट्टू म्हणाले.

होतेच ते अडेलतट्टू. पण कोणासाठी होते?

सियाबाई मागे बसल्या आहेत. पलीकडून रोज भाजी घेऊन शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात येतात. मागच्या उन्हाळ्यात त्या खडकांवर त्यांचा पाय सरकला आणि हात मोडला. भैया भेटायला गेले. सियाबाईंनी विचारलं, "भैया, हमें कब तक उतरना पड़ेगा?" पुढे भैया आजारी पडले; दवाखान्यात मी त्यांना शेवटची भेटले तेव्हा स्वतःच्या तब्येतीचं एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "दीदी, त्या बाईला काय सांगायचं?" मला रडू आलं. मी विषय बदलला. त्यांनी बदलू दिला नाही.

आता अवघड बोलते. काल समितीत ठराव आला आहे. त्या शेवटच्या प्लॉटवर भैयांच्या नावानं स्मृतिभवन बांधायचं. प्रेमानं आणला आहे, हे मी जाणते. ज्यांनी आणला त्यांचे डोळे मी काल पाहिले आहेत. पण मित्रहो, विचार करा. जो प्लॉट या माणसानं नदीसाठी राखला, तोच त्यांच्या नावानं आपण नदीपासून काढून घ्यायचा? जिवंतपणी ज्या गोष्टीला त्यांनी सही दिली नाही, तिच्यावर आता त्यांचं नाव कोरायचं? ते आता नाही म्हणू शकत नाहीत. म्हणून मी म्हणते आहे. मला राग येतो आहे, आणि तो मी लपवत नाही.

रात्री वहिनींना फोन केला. म्हटलं, तुमचं मन दुखत असेल तर मी गप्प बसेन. वहिनी म्हणाल्या, "भवन झालं तर मला रोज तिथं नाव वाचावं लागेल, आणि पलीकडे बाया पाण्यात उतरलेल्या पाहाव्या लागतील. माझ्याच्यानं होणार नाही." यापुढे माझ्याजवळ बोलायला काही नाही.

ठरावावर निर्णय परवाच्या बैठकीत आहे. भैयांची खुर्ची रिकामी असेल. त्यांच्या वाटचं 'नाही' कोणाला तरी म्हणावं लागेल. मी म्हणणार आहे. मी एकटी असले तरी म्हणणार आहे. पण एकटं राहणं काय असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं आहे. ते मला नको आहे.

आता आपण दोन मिनिटं मौन पाळू. सगळे उभे राहू या. भैयांसाठी आज उभं राहणं सोपं आहे. परवा किती जण उभे राहता, ते मी पाहीन.

नर्मदे हर, वसंतभैया.